मतपेटीतला परदेश

न्यूयॉर्कच्या महापौराच्या हाताखाली कचऱ्याच्या गाड्या असतात, पोलीस असतात, शाळा असतात, बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकणारे ट्रक असतात. परराष्ट्र खातं नसतं. तरीही ४ जून २०२५ च्या रात्री, डेमोक्रॅटिक पक्षाच्या इच्छुकांची जाहीर चर्चा चालू असताना प्रश्न आला: निवडून आलात तर पहिला परदेश दौरा कुठे? राज्याचे माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युमो म्हणाले, इस्रायल. आणखी एकदोघांचा रोखही तिकडेच होता. राज्याच्या विधानसभेतले आमदार जोहरान ममदानी म्हणाले, मी न्यूयॉर्कमध्येच राहीन. झालं, त्यांची उलटतपासणी सुरू. इस्रायलला जाणार का? ज्यू राष्ट्र म्हणून त्याचं अस्तित्व मान्य आहे का? ममदानींनी उत्तर दिलं की सर्वांना समान हक्क देणारं राष्ट्र म्हणून इस्रायलला अस्तित्वाचा अधिकार आहे, आणि मग त्या उत्तराचा कीस पाडण्यात पुढचे पाच महिने गेले.

या शहराच्या राजकारणातला हा जुना रिवाज आहे. निवडणूक लढवणाऱ्याने आयर्लंड, इटली आणि इस्रायल ही तीन तीर्थं करून यायचं. घरभाडं, बालवाडीची फी, बसचं तिकीट यावर लढली गेलेली ही निवडणूक, पण माझ्या ओळखीच्या प्रत्येक ज्यू घरात वाद होता तो तेल अवीव आणि गाझाचा. शहराचे तेव्हाचे हिशेबतपासनीस ब्रॅड लँडर स्वतः ज्यू, स्वतः उमेदवार, आणि त्यांनी ममदानींशी हातमिळवणी केली. नोव्हेंबरच्या एक्झिट पोलनुसार ज्यू मतदारांपैकी साधारण एक तृतीयांश ममदानींकडे गेले, बाकीचे बहुतेक क्युमोंकडे. ज्यांनी ममदानींना मत दिलं त्यांना विचारलं गेलं, तुम्ही ज्यू असून कसं दिलंत? ज्यांनी नाही दिलं त्यांना विचारलं गेलं, तुम्ही न्यूयॉर्कचे की इस्रायलचे? मी तोवर न्यू जर्सीत राहायला आले होते, त्यामुळे मत द्यायचा प्रश्न नव्हता. सल्ला मात्र देता येत होता, आणि तो सगळेच देत होते.

हा पेच मी त्याआधी अगदी जवळून पाहिला होता, २०११ साली, क्वीन्सच्या फॉरेस्ट हिल्समध्ये. तिथे आम्ही भाड्याने राहायचो. १०८व्या रस्त्यावर बुखारी ज्यूंची दुकानं. ताश्कंद-समरकंदहून आलेली, आपसात रशियन बोलणारी माणसं. त्यांच्या तंदूरमधून गोल, जाडजूड काठाचे, मधोमध ठशाची नक्षी उमटवलेले नान निघायचे आणि शुक्रवारी दुपारी ते घ्यायला रांग लागायची. पलीकडच्या विटांच्या इमारतींतून युरोपातून जीव वाचवून आलेल्यांची मुलं-नातवंडं. थोडं पुढे क्यू गार्डन्स हिल्सला ऑर्थोडॉक्स वस्ती, काळ्या हॅटा आणि जुळ्या बाबागाड्या. निवडणुकीच्या विश्लेषणात या सगळ्यांना मिळून ‘ज्यू मत’ म्हणतात. एकाच सोसायटीतल्या लोकांचं पाणीपट्टीवर एकमत होत नाही, हे माहीत असलेल्या माझ्यासारखीला त्याचं नवल वाटायचं.

त्या उन्हाळ्यात आमचे खासदार अँथनी वीनर यांना स्वतःच पाठवलेल्या फोटोंपायी राजीनामा द्यावा लागला आणि १३ सप्टेंबरला पोटनिवडणूक लागली. डेमोक्रॅटिक उमेदवार डेव्हिड वेप्रिन: ऑर्थोडॉक्स ज्यू, इस्रायलचे पक्के समर्थक. रिपब्लिकन उमेदवार बॉब टर्नर: कॅथलिक, टीव्हीच्या धंद्यातून निवृत्त झालेले. १९२० च्या दशकापासून ही जागा डेमोक्रॅट्सची. निकाल डोळे मिटून सांगावा असा. पण मे महिन्यात ओबामांनी भाषणात १९६७ च्या सीमा, आपसातल्या देवाणघेवाणीसह, हा वाटाघाटींचा पाया धरला होता. ते माजी महापौर एड कॉच यांना झोंबलं. कॉच स्वतः डेमोक्रॅट, स्वतः ज्यू, वय ८६, आणि न्यूयॉर्कला त्यांचा आवाज पाठ. त्यांनी हाक दिली की टर्नरला मत द्या, म्हणजे ओबामांना निरोप पोचेल. गंमत म्हणजे वेप्रिनही त्या बाबतीत ओबामांच्या विरोधातच होते.

आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची यंत्रं होती, क्वार्टरच्या नाण्यांवर चालणारी. तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या बाई भेटायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. नाण्यांची पुरचुंडी उघडत त्या म्हणाल्या, “वेप्रिन आमचाच आहे गं. टर्नरचं इस्रायलशी काय देणंघेणं, देव जाणे. पण मला बोलायचंय ओबामाशी, आणि तो या वेळी उभा नाही.”

मी म्हटलं, “पण निवडून आलेला माणूस मेडिकेअरवर, म्हाताऱ्यांच्या आरोग्यविम्यावर मत देणार, इस्रायलवर नाही.”

“वर्षाचाच तर प्रश्न आहे,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी बघू.”

टर्नर निवडून आले. निरोप गेला खरा, पण नेमका काय मजकूर गेला? वेप्रिन यांनी त्याच जूनमध्ये राज्याच्या विधानसभेत समलिंगी विवाहाच्या बाजूने मत दिलं होतं, त्यामुळे ऑर्थोडॉक्स मंडळी त्यांच्यावर आधीच चिडलेली. अर्थव्यवस्था गाळात. बुखारी दुकानदारांपैकी बरेच जण सोव्हिएत राजवट भोगून आलेले, त्यांना डाव्या वळणाचं काहीही नकोच. प्रत्येकाने आपापली चिठ्ठी एकाच पाकिटात कोंबली आणि पाकिटावर कॉच यांनी पत्ता लिहिला. पुढच्या वर्षी मतदारसंघांची फेररचना झाली, तो मतदारसंघच मोडला. २०१२ च्या निवडणुकीत कॉच ओबामांच्या बाजूने उभे राहिले. आमच्या शिक्षिकाबाईही.

बाईंचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही नाही. त्यांचं मत होतं, त्यांनी वापरलं. माझी तक्रार मताच्या कुवतीबद्दल आहे. मत हे बोथट हत्यार आहे. त्याने माणूस निवडता येतो, त्या माणसाच्या पाठीवर टिपण चिकटवता येत नाही. आणि इतक्या दूरच्या प्रश्नासाठी ते वापरलं की त्याचा अर्थ तुम्ही लावत नाही, दुसऱ्या दिवशीचे पेपर लावतात.

एरवी अमेरिकी ज्यूंची बहुसंख्या कशावर मत देते, याचे आकडे वर्षानुवर्षं उपलब्ध आहेत, आणि ते बघूनही कुणाची चर्चा बदलत नाही. २०१२ मध्ये पीआरआरआय या संस्थेने ज्यू मतदारांना सर्वांत महत्त्वाचा मुद्दा विचारला तेव्हा ५१ टक्क्यांनी अर्थव्यवस्था सांगितली, इस्रायल ४ टक्क्यांनी. प्यू संस्थेच्या २०२० च्या पाहणीत ज्यू असण्यात अत्यावश्यक काय, यावर ७६ टक्के म्हणाले होलोकॉस्टची, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यू संहाराची, आठवण, ७२ टक्के म्हणाले नीतीने जगणं, आणि इस्रायलविषयी आस्था म्हणाले ४५ टक्के. हे काही थोडं नाही. प्रेम आहे, पण ते प्रेम मतपेटीपाशी क्वचितच पहिल्या नंबरला उभं असतं.

१९५६ चं उदाहरण तर मला फार आवडतं. २९ ऑक्टोबरला इस्रायलचं सैन्य सिनाईत घुसलं. आयझेनहॉवर यांनी मतदानाच्या तोंडावर, पर्वा न करता, इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स तिघांनाही माघार घ्यायला लावणारी भूमिका घेतली. ६ नोव्हेंबरला मतदान. अंदाजांनुसार त्यांना ज्यू मतं मिळाली ४० टक्के. चार वर्षांपूर्वी ३६ मिळाली होती. म्हणजे वाढलीच. याच्या उलट थोरले बुश. १९९१ मध्ये इस्रायलला हव्या असलेल्या १० अब्ज डॉलरच्या कर्जहमीवरून ते अडून बसले, इस्रायलच्या बाजूने खेटे घालणाऱ्यांसमोर आपण एकटेच लढतोय असं बोलून गेले, आणि १९८८ मधली ३५ टक्के मतं १९९२ मध्ये ११ वर आली. यात इस्रायलचा हात नव्हता म्हणणं खोटं ठरेल. पण त्या साली बुश अर्थव्यवस्थेवरून सगळीकडेच घसरले होते. माझा कयास असा की कर्जापेक्षा बोचलं ते त्यांचं वाक्य. आपल्याच अध्यक्षाने आपल्याला परक्यांचे दलाल ठरवावं, हे इस्रायलशी काही देणंघेणं नसलेल्या ज्यूलाही लागलं असणार.

इथेच मला मुद्दा सापडतो. परराष्ट्र धोरण हे मत देण्याचं कारण असू शकतं. निष्ठा असू शकत नाही. पहिल्यात नागरिक सरकारचं माप काढतो, दुसऱ्यात त्याचंच माप काढलं जातं.

आणि माप काढणारे दोन्ही बाजूंना आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीस डेमोक्रॅटिक खासदार इल्हान ओमर म्हणाल्या की परक्या देशाशी निष्ठा ठेवायला लावणं चालतं, असं मानणारा राजकीय प्रभाव या देशात आहे. गदारोळ झाला, आणि व्हायलाच हवा होता. दुहेरी निष्ठेचा आरोप ज्यूंनी ड्रायफसच्या, म्हणजे देशद्रोहाच्या खोट्या आरोपात अडकवलेल्या फ्रेंच ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या, काळापासून झेललाय. मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की डेमोक्रॅट्सना मत देणारा ज्यू एकतर अडाणी किंवा फार बेइमान. बेइमान कुणाशी, असं विचारल्यावर दुसऱ्या दिवशी खुलासा आला: ज्यू लोकांशी आणि इस्रायलशी. अमेरिकेचा अध्यक्ष अमेरिकी नागरिकांना सांगतोय की तुम्ही दुसऱ्या देशाशी बेइमानी करताय! ओमर यांचा आरोप होता की इथे परकी निष्ठा मागितली जाते. ट्रम्प यांची तक्रार होती की ज्यू ती पुरेशी देत नाहीत. गृहीतक दोघांचं एकच. २०२४ मध्ये तर ट्रम्प यांनी आगाऊच सांगून ठेवलं की आपण हरलो तर त्यात ज्यूंचा बराच वाटा असेल.

गंमत अशी की खुद्द इस्रायलनेच हे प्रकरण मिटवलं होतं. १९५० च्या ऑगस्टमध्ये जेरुसलेममध्ये इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन गुरियन आणि अमेरिकन ज्यूइश कमिटीचे अध्यक्ष जेकब ब्लाउस्टाइन यांच्यात जाहीर समझोता झाला. बेन गुरियन म्हणाले, अमेरिकेतल्या ज्यूंची राजकीय बांधिलकी एकाच देशाशी, ती अमेरिकेशी. इस्रायलशी त्यांचं राजकीय इमान लागत नाही. देशाच्या संस्थापकाने जे मागितलं नाही ते आज दुसऱ्याच देशातले पुढारी त्याच्या वतीने मागतात.

त्याच्याही आधीचा माणूस आपल्या शाळेच्या इतिहासात आहे, पण निम्माच. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा, १९१९, पाच गुणांची टीप. त्यातला एडविन माँटेग्यू ज्यू होता हे मला कुणी शिकवलं नव्हतं. १९१७ च्या उन्हाळ्यात तो भारतमंत्री झाला. तेव्हाच लंडनमध्ये बाल्फोर जाहीरनाम्याचा मसुदा फिरत होता, की पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी राष्ट्रीय घर उभं राहावं. सरकारात त्या पातळीवर ज्यू असा हा एकटाच, आणि त्यालाच तो मसुदा सर्वांत जास्त खुपला. ऑगस्टमध्ये त्याने टिपण लिहिलं आणि मथळ्यात आपल्याच सरकारला ज्यूद्वेष्टं म्हटलं. त्याचा युक्तिवाद सरळ होता. ज्यूंचं घर पॅलेस्टाइन ठरवलंत, की प्रत्येक देशातला ज्यू तिथे पाहुणा ठरेल. पंतप्रधानांना त्याने जे विचारलं त्याचा आशय असा, की माझं राष्ट्रीय घर तुर्कांच्या मुलखात आहे असं ब्रिटिश सरकारनेच जगाला सांगितल्यावर मी त्या सरकारच्या वतीने भारतीयांशी बोलणी कशी करू?

तो बोलणी करायला निघाला, आणि बोट वाटेत असतानाच, २ नोव्हेंबरला, जाहीरनामा निघाला. त्याची कुरकुर अगदीच वाया गेली नाही. जाहीरनाम्याच्या अखेरीस एक कलम आलं, की यामुळे पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंखेरीज इतर रहिवाशांचे नागरी आणि धार्मिक हक्क, तसंच इतर कोणत्याही देशातल्या ज्यूंचे हक्क आणि राजकीय दर्जा, यांना बाध येऊ नये. मुंबईत उतरलेला, टिळकांपासून सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकत हिंडलेला तो साहेब आतून हे शल्य घेऊन फिरत होता. त्याचा सख्खा चुलतभाऊ हर्बर्ट सॅम्युएल याच जाहीरनाम्याचा पुरस्कर्ता, १९२० मध्ये पॅलेस्टाइनचा पहिला हायकमिशनर झालेला. एकाच घराण्यातले, दोघेही इंग्रज, दोघेही ज्यू, दोघेही लिबरल. त्यांच्यातल्या ‘निष्ठावान’ भावाला मत द्यायचं म्हटलं तर कुणाला देणार?

माँटेग्यूचं सगळंच मला पटत नाही. दोन दशकांनी युरोपात जे घडलं, त्यानंतर ज्यूंना स्वतःचा देश हवा असं वाटणाऱ्याला मी कोणत्या तोंडाने चूक म्हणू? पण नागरिकत्वाबद्दलची त्याची भीती खरी ठरली. आजही कुण्या अमेरिकी ज्यूला रस्त्यावर गाझाचा जाब विचारला जातो, तेव्हा त्याला पाहुणाच ठरवलेलं असतं.

शिवाय निष्ठा कोणत्या इस्रायलशी ठेवायची, हे कुणी सांगत नाही. २०२३ मध्ये नेतन्याहू सरकारने न्यायालयांचे अधिकार छाटायला घेतले तेव्हा आठवड्यामागून आठवडे, शनिवारी रात्री, तेल अवीवच्या कप्लान रस्त्यावर लाखभर माणसं निळेपांढरे झेंडे घेऊन उतरत होती. राखीव सैनिक होते, वैमानिक होते. ते इस्रायलशी बेइमान होते का? खुद्द इस्रायली नागरिकाला आपल्या सरकाराविरुद्ध मत द्यायची मुभा, आणि ब्रुकलिनच्या ज्यूने मात्र त्या सरकारची मर्जी सांभाळायची, हा अजब न्याय झाला. त्याच ब्रुकलिनमध्ये विल्यम्सबर्गचे सत्मार हसिद आहेत. धर्माने इतके कडवे की मसिहा येण्याआधी ज्यू राज्य उभारणंच पाप मानतात. ते मत देतात गठ्ठ्याने, पण आपल्या शाळांकडे आणि घरांकडे बघून.

आपल्याकडेही हा प्रश्न होता, तो कुणी विचारला नाही इतकंच. कोकणातल्या बेने इस्रायलींनी अलिबागजवळच्या नवगावला पूर्वजांचं जहाज फुटल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, शनवारी घाणा बंद ठेवून शनवार तेली नाव मिळवलं, पेणकर, रोहेकर, किहीमकर झाले. पनवेलला आमच्या आळीत त्यांचं एक घर होतं. एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या नावाचा, मलिदा व्हायचा तेव्हा गोड पोह्यांचं ताट, वर खोबरं आणि फळं, आमच्याकडे यायचं. त्या घरातले निम्मे लोक इस्रायलला गेले, निम्मे नाही गेले. भारताने १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिलं, १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली आणि पूर्ण राजनैतिक संबंध जोडायला १९९२ उजाडलं. मधल्या काळात, १९७५ मध्ये, झायोनिझमला, म्हणजे ज्यू राष्ट्रवादाला, वंशवाद ठरवणाऱ्या ठरावाच्या बाजूनेही मत दिलं. म्हणजे सत्ताधारी पक्षाचं परराष्ट्र धोरण बेने इस्रायलींच्या काळजाला लागेल असंच होतं. त्या काळात त्यांनी कुणाला मत दिलं? मोजायला कुणी गेलंच नाही. मूठभर माणसं, मोजून करायचं काय?

निष्ठेची चौकशी तेव्हाच होते जेव्हा मतं कामाची असतात. २००० साली फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांवर लागला. त्यानंतर तिथल्या निवृत्त ज्यूंच्या वसाहतींत किती उमेदवार डोक्यावर किप्पा, म्हणजे ज्यूंची छोटी टोपी, घालून फिरले असतील!

मराठी वाचकाला या सगळ्याची ओळख पटायला हवी, कारण पितृभू आणि पुण्यभू यांची सावरकरांनी घातलेली सांगड आपल्या घरात चर्चिली गेलेली आहे. ज्याची पुण्यभू बाहेर, त्याची निष्ठा विभागलेली, असा त्या मांडणीचा रोख. काटेकोरपणे बघितलं तर आमच्या आळीतलं ते घरही त्यात बसत नाही. त्याच सावरकरांनी १९४७ च्या डिसेंबरात ज्यू राष्ट्राचं स्वागत केलं, भारताच्या विरोधी मताबद्दल नाराजी व्यक्त केली. भारतातल्या मूठभर ज्यूंवर त्यांनी संशय धरला नाही, हे खरं. पण पुण्यभूचा नियम काहींना लावायचा आणि काहींना माफ करायचा, तर मग तो नियम राहतो कुठे?

आता आमचं, म्हणजे इथल्या एनआरआय मंडळींचं. नागरिकत्वाच्या शपथेत मी उजवा हात वर करून म्हटलंय की याआधी ज्या परकी राज्याची मी प्रजा होते त्याच्याशी असलेलं सगळं इमान मी पूर्णपणे सोडते. शपथ घेतली आणि त्याच महिन्यात ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज भरला. कायद्याला दोन्ही चालतं, मलाही चालतं. २२ सप्टेंबर २०१९ ला ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये मोदींनी ट्रम्प यांच्या शेजारी उभं राहून ‘अब की बार, ट्रम्प सरकार’ ही ट्रम्प यांच्याच प्रचारातली घोषणा उच्चारली, आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. वर्षभराने कार्नेगी संस्थेच्या पाहणीत भारतीय वंशाच्या नोंदणीकृत मतदारांपैकी ७२ टक्के बायडन यांना मत देणार म्हणाले, २२ टक्के ट्रम्प यांना. भारत-अमेरिका संबंध हा मुद्दा यादीत पार खाली होता. टाळ्या एकीकडे, मत दुसरीकडे. फॉरेस्ट हिल्समध्ये हेच पाहिलं होतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होण्याच्या वर्षभर आधी, १९१५ मध्ये, लुई ब्रँडाइस यांनी लिहिलं की अनेक निष्ठा असणं गैर नाही. त्या एकमेकींच्या आड आल्या तरच गैर. त्यांनी दाखला दिला होता आयरिश अमेरिकनांचा. तेव्हा आयरिशांवर संशय होता, मग ज्यूंवर, मग अरबांवर. एच-१बी व्हिसावरून सध्या जे बोललं जातंय ते पाहता आमची पाळीही फार लांब नाही. म्हणूनच मला आमच्या ग्रुपवरचे ‘भारतासाठी कोण चांगला’ असे निवडणुकीआधीचे संदेश नकोसे होतात. कुणी मनातल्या मनात तो हिशेब मांडावा, मीही मांडते. माझी आई पनवेलला एकटी राहते, तिला इथे आणायचा कायदा कोण सोपा करेल हे मी बघते, आणि त्याबद्दल मला जराही ओशाळं वाटत नाही. पण समाजाने मिळून एकाच परक्या सरकारच्या सोयीने मत द्यावं असं मंडळाच्या व्यासपीठावरून कुणी सांगायला लागला, की उद्या दुसरा कुणी आमच्याकडे बोट दाखवून परक्यांचे दलाल म्हणेल, आणि त्याला पुरावा आम्हीच छापून दिलेला असेल.

गेल्या वेळी ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की आपल्या गावच्या शाळा मंडळाच्या तीन जागा त्याच मतपत्रिकेवर आहेत आणि उमेदवारांची नावं कुणाला ठाऊक आहेत का. उत्तर आलं नाही. एका काकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.